दक्षिण आफ्रिकेतली छोट्या गटाची सफारी आणि वाइन सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं १३-१४ दिवसांच्या एका नेहमीच्या मार्गाला धरून दिली आहेत. झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्स या धबधब्याला दोन रात्री, क्रुगर राष्ट्रीय उद्यानालगतच्या खासगी अभयारण्यात चार, केप टाउनला तीन आणि शेवटी स्टेलनबॉश-फ्रान्सहूक या वाइनच्या मुलखात तीन. गट ८ ते १२ जणांचा. तुमच्या सहलीत एखादा मुक्काम कमी-जास्त असला तरी बहुतेक उत्तरं तशीच लागू पडतील.

सफारी आधी करावी की वाइनचा भाग?

सफारी आधी. याला तीन कारणं आहेत आणि तिन्ही व्यवहारी आहेत.

दक्षिण आफ्रिकेची वेळ भारताच्या साडेतीन तास मागे आहे. तिथे पहाटे पाचला दारावर टकटक होते तेव्हा आपल्याकडे साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे पहिले चार-पाच दिवस शरीर आपोआपच पहाटे उठतं. हा फुकटचा फायदा जंगलात वापरायचा. आठवड्याभराने शरीर तिथल्या वेळेला सरावलं की पाचला उठणं जड जातं.

दुसरं सामानाचं. लॉजच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या छोट्या विमानांत माणशी साधारण २० किलो, तेही मऊ बॅगेत, एवढंच नेता येतं. आधी वाइनच्या बाटल्या घेतल्या तर त्या ठेवायच्या कुठे?

तिसरं थकव्याचं. सफारीत झोप कमी होते, धूळ बसते, अंग आंबून जातं. त्यानंतर फ्रान्सहूकला सकाळी नऊला सावकाश नाश्ता करून निघणं बरं वाटतं. उलट क्रम लावला तर जड जेवणं आणि वाइनचे तीन दिवस झाल्यावर लगेच पहाटेची थंडी अंगावर घ्यावी लागते.

कोणत्या महिन्यात जावं?

या सहलीतला खरा पेच हाच आहे. क्रुगरचा पाऊस उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च. केपचा, म्हणजे केप टाउन आणि वाइनच्या मुलखाचा, पाऊस हिवाळ्यात, जून ते ऑगस्ट. एकाच देशाची दोन टोकं एकमेकांच्या उलट चालतात. जंगलासाठी उत्तम महिने जून ते सप्टेंबर, कारण गवत वाळलेलं असतं, झाडं उघडी पडलेली असतात आणि जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. पण त्याच वेळी केप टाउनला झोडपणारा पाऊस आणि बोचरा वारा असतो, द्राक्षमळ्यात नुसती खोडं उभी असतात. याउलट द्राक्षकाढणी जानेवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालते. तेव्हा केप ऐन बहरात आणि जंगल इतकं दाट की दहा फुटांवरचा बिबट्या दिसू नये.

दोन्ही बऱ्यापैकी साधायचं असेल तर दोन खिडक्या आहेत. पहिली एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. काढणी नुकतीच संपलेली, वेलींची पानं पिवळी-तांबडी झालेली, जंगल वाळायला लागलेलं आणि व्हिक्टोरिया फॉल्सला भरपूर पाणी. आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीशीही हा काळ जुळतो. दुसरी खिडकी सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. सफारीसाठी हा काळ अधिक चांगला. केपला वसंत ऋतू असतो, वेलींना पालवी फुटते आणि हर्मानसच्या किनाऱ्यावरून सदर्न राइट व्हेल दिसतात. धबधबा मात्र तोवर रोडावतो.

दिवाळीच्या सुट्टीत जाणारे बरेच असतात. तेव्हा क्रुगरमध्ये पारा सहज ३५ अंशांच्या वर जातो, वळवाचे पहिले पाऊस सुरू होतात आणि व्हिक्टोरिया फॉल्स वर्षातल्या सर्वांत कमी पाण्यावर असतो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर इम्पाला हरणांची पाडसं जन्मतात, तेवढी जमेची बाजू. केप मात्र सुरेख असतं. दिवाळीतच जायचं असेल तर धबधब्याचे दोन दिवस काढून केपला जोडा, हे आमचं स्पष्ट मत.

छोटा गट म्हणजे नक्की किती? आणि गाडीत किती जण?

गटाच्या आकड्यापेक्षा गाडीतला आकडा महत्त्वाचा. सफारीच्या उघड्या लँड क्रूझरला मागे तीन ओळी असतात, प्रत्येक ओळ पुढचीपेक्षा उंच. एका ओळीत तीन जण बसू शकतात. म्हणजे नऊ जण बसवता येतात, पण मधल्याला दोन्ही बाजूंना डोकीच दिसतात, आणि प्राणी डावीकडे असला की उजवीकडचा माणूस त्याच्यावर रेलतो. चांगले लॉज एका ओळीत दोघांनाच बसवतात, म्हणजे गाडीत सहा. बारा जणांच्या गटाला दोन गाड्या हव्यात. पैसे भरण्याआधी हा प्रश्न लेखी विचारा: 'एका गाडीत जास्तीत जास्त किती?' उत्तर गोलमोल आलं तर नऊ समजा.

शेवटच्या उंच ओळीतून दिसतं छान, पण धक्के तिथेच सर्वांत जास्त बसतात. पाठीचा त्रास असणाऱ्यांनी पहिली ओळ धरावी. जागा रोज बदलायच्या, हे पहिल्याच फेरीला ठरवून टाकलं की नंतर कुरबुर होत नाही.

क्रुगर राष्ट्रीय उद्यान आणि शेजारचं खासगी अभयारण्य यात फरक काय? खासगीचे एवढे जास्त पैसे कशासाठी?

क्रुगर सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे. आपला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफर धरून १,७०० च्या आसपास, त्यावरून आवाका लक्षात येईल. १८९८ साली साबी अभयारण्य म्हणून सुरुवात झाली आणि १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झालं. आत डांबरी रस्ते आहेत, स्वतःची गाडी चालवत फिरता येतं, डांबरीवर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे. रस्ता सोडता येत नाही. सिंह दोनशे मीटर आत झोपला असेल तर तो तिथूनच बघायचा, आणि तो बघायला पंधरा गाड्या उभ्या असतात.

साबी सँड, टिंबावटी ही पश्चिमेकडची खासगी अभयारण्यं. साबी सँड आणि क्रुगर यांच्यामधलं कुंपण १९९३ साली काढलं, त्यामुळे प्राणी तेच आहेत. बदलतो तो नियम. इथे मोठा प्राणी दिसला तर रेंजर रस्ता सोडून झुडपांतून गाडी घालू शकतो. एका प्राण्यापाशी साधारण दोन-तीन गाड्यांनाच मुभा असते, बाकीच्या वायरलेसवर नंबर लावून थांबतात. अंधार पडल्यावरही फिरता येतं. गाडीच्या बॉनेटवर डावीकडे लावलेल्या खुर्चीत ट्रॅकर बसलेला असतो. चालत्या गाडीतून धुळीतला पंजाचा ठसा बघून तो नुसता हात वर करतो आणि गाडी थांबते. ठशाच्या कडा धारदार आहेत की वाऱ्याने ढासळल्या आहेत, त्यावर रात्रीचं दव पडलेलं आहे का, यावरून जनावर किती वेळापूर्वी गेलं ते तो सांगतो. जादा पैसे खरे तर या माणसाचे आहेत.

बजेट कमी असेल तर दोन रात्री उद्यानातल्या सरकारी कॅम्पात आणि दोन खासगीत, अशी वाटणी करता येते. मात्र आधी उद्यान, मग खासगी. उलट केलं तर उद्यानात मन रमत नाही.

सफारीचा दिवस कसा जातो?

पाचला उठवतात. कॉफी आणि रस्क (आपल्या टोस्टचा जाड, घट्ट भाऊ, कॉफीत बुडवल्याशिवाय चावू नये). साडेपाचला निघून नऊपर्यंत पहिली फेरी. भरपेट नाश्ता. मग दुपारभर मोकळीक, झोपा. साडेतीनला चहा, चारला दुसरी फेरी. सूर्य मावळताना मोकळ्या जागी गाडी थांबवून पेयपान होतं, त्याला तिथे सनडाउनर म्हणतात. मग स्पॉटलाइट लावून परत, आठच्या सुमारास जेवण. हिवाळ्यात सकाळची फेरी अर्ध्या-पाऊण तासाने उशिरा निघते आणि दुपारची थोडी लवकर.

गाडीत उभं राहायचं नाही. प्राण्यांना गाडी आणि माणसं मिळून एकच आकार वाटतो, उभं राहिलं की तो आकार मोडतो. लघवीला लागली तर लाजू नका, रेंजरला सांगा. तो आधी उतरून झुडूप तपासतो आणि मग तुम्हाला जाऊ देतो. रात्री खोलीबाहेर एकट्याने पडायचं नाही, बऱ्याच लॉजना कुंपण नसतं. पहारेकरी येऊन नेतो.

बिग फाइव्ह (सिंह, हत्ती, रानरेडा, बिबट्या, गेंडा) दिसतीलच ना?

हमी कुणी देत असेल तर सावध व्हा. साबी सँडमध्ये चार रात्री, म्हणजे सात-आठ फेऱ्या मिळाल्या तर सिंह, हत्ती, रानरेडा आणि बिबट्या दिसण्याची शक्यता खूपच चांगली असते. बिबट्यासाठी तर हा भाग जगभर नावाजलेला आहे. दोनच रात्री असतील तर नशिबावर भिस्त. गेंड्याबाबत एक सांगायला हवं: चोरट्या शिकारीमुळे अनेक ठिकाणी गेंड्यांची शिंगं मुद्दाम कापलेली असतात. फोटोत गेंडा बोडका दिसला तर नवल मानू नका. गेंड्याचा फोटो टाकताना ठिकाण लिहू नका, मोबाइलचं लोकेशनही बंद ठेवा. रेंजर हे सांगतो तेव्हा गंमत करत नसतो.

गुडघे दुखतात, वय सत्तरच्या पुढे आहे. जमेल का?

जमेल. अडचण एकच, गाडीत चढणं. पायरी गुडघ्याहून उंच असते आणि दिवसातून तीन-चार वेळा चढ-उतार होते. बहुतेक लॉज लाकडी स्टूल किंवा शिडी ठेवतात, पण ते आधी कळवलेलं बरं. रेंजरशेजारची पुढची सीट सर्वांत सोपी, ती ज्येष्ठांसाठी मागून घ्या. पायी सफारी ऐच्छिक असते, ती सोडली तर काही बिघडत नाही.

लहान मुलांचं गणित वेगळं आहे. बऱ्याच खासगी लॉजमध्ये सहा वर्षांखालच्या मुलांना सर्वांसोबतच्या गाडीत घेत नाहीत आणि पायी सफारीला वय सहसा सोळा लागतं. वाइनच्या मुलखात अठराच्या आतल्यांना दारू देत नाहीत, मात्र बहुतेक ठिकाणी मुलांसाठी द्राक्षरस, बाग, हिरवळ असते.

मलेरियाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात का?

क्रुगर आणि व्हिक्टोरिया फॉल्स दोन्ही मलेरियाच्या पट्ट्यात येतात. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे, म्हणजे साधारण सप्टेंबर ते मे, धोका जास्त. केप टाउन आणि वाइनच्या मुलखात मलेरिया नाही. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या, पण दोन प्रकारांतला फरक माहीत असावा. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी एक-दोन दिवस आधी सुरू करून मलेरियाचा भाग सोडल्यावर सात दिवस घ्यायची. जेवणासोबत किंवा दुधासोबत घ्या, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. डॉक्सीसायक्लिन स्वस्त पडते, पण ती नंतर चार आठवडे चालू ठेवावी लागते, उन्हाने कातडी भाजते, आणि गोळी घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत जळजळ होते. सफारी आधी असल्यामुळे या गोळ्या वाइनच्या दिवसांतही चालू असतील, म्हणून दारूबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

लोक चुकतात ते परतल्यावर. घरी आलो, बरं वाटतंय, म्हणून गोळ्या मध्येच सोडतात. नंतरच्या तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना 'आफ्रिकेत जाऊन आलो' हे पहिल्या वाक्यात सांगा. तिथला फाल्सिपेरम मलेरिया झपाट्याने वाढतो, 'व्हायरल असेल' म्हणून तीन दिवस काढणं महागात पडतं.

लहान मुलं किंवा गरोदर स्त्री सोबत असेल तर मलेरियामुक्त अभयारण्यं निवडा: मादिक्वे, पिलानेसबर्ग, किंवा ईस्टर्न केपमधलं अॅडो.

पिवळ्या तापाची लस?

ती तुम्ही कुठून जाता यावर ठरते. मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर प्रश्न येत नाही. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे गेलात आणि तिथला थांबा बारा तासांपेक्षा जास्त झाला, किंवा तुम्ही विमानतळाबाहेर पडलात, तर दक्षिण आफ्रिका प्रमाणपत्र मागते. तिकीट स्वस्त म्हणून रात्रभराचा थांबा घेणारे इथे अडकतात. विमान चुकून थांबा लांबला तरी तीच गत. आणि परतताना भारताचे नियम आणखी कडक आहेत, प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. त्यामुळे या दोन शहरांमार्गे जाणार असाल तर लस घेऊन टाका. ती सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं.

व्हिसाचं काय? एकच लागतो का?

भारतीय पासपोर्टवर प्रत्येक देशाचा वेगळा विचार करा. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा निघण्याआधी काढावा लागतो. मे महिन्याच्या सहलीसाठी मार्चमध्येच कागद सादर करा, सुट्टीच्या तोंडावर गर्दी असते. पासपोर्टवर किमान दोन कोरी पानं हवीत. अठराखालच्या मुलांसाठी आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला लागतो, आणि पालकांपैकी एकच सोबत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र. संपूर्ण गट एका एजन्सीमार्फत जाणार असेल तर ती दक्षिण आफ्रिकेच्या 'ट्रस्टेड टूर ऑपरेटर' योजनेत आहे का ते विचारा. भारत आणि चीनमधल्या गटांसाठी २०२५ साली सुरू झालेल्या या योजनेत कागदपत्रांचा फाफटपसारा कमी होतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो 'किती वेळा प्रवेश' या रकान्यात. जोहान्सबर्गला उतरून, तिथे एक रात्र राहून, व्हिक्टोरिया फॉल्सला जाऊन परत आलात तर दक्षिण आफ्रिकेत तुमचा प्रवेश दोनदा झाला. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीच्या विमानात चढू देत नाहीत. अर्जासोबत विमानांचा संपूर्ण तक्ता जोडा आणि 'मल्टिपल एंट्री' मागा. व्हिसा हातात आल्यावर तोच रकाना आधी वाचा.

हाच नियम झिम्बाब्वेला. व्हिक्टोरिया फॉल्सहून दिवसभरासाठी बोट्स्वानातल्या चोबे राष्ट्रीय उद्यानाला जाऊन यायचं असेल तर झिम्बाब्वेचाही दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो, आणि बोट्स्वानाचा वेगळा. अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टवर येणाऱ्या नातेवाइकांना दक्षिण आफ्रिकेत ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. त्यांच्याकडे बघून तुम्ही निर्धास्त राहू नका.

व्हिक्टोरिया फॉल्स कोणत्या बाजूने बघावा?

एकच बाजू बघायची तर झिम्बाब्वेची. धबधबा १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटरपर्यंत उंच आहे, आणि समोरून दिसणारा त्याचा बराचसा भाग याच बाजूला येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूचा कडा जवळजवळ कोरडा पडतो, झिम्बाब्वेच्या बाजूला तेव्हाही पाणी असतं. एप्रिलमध्ये उलटी अडचण येते: पाणी इतकं की तुषारांच्या धुक्यात काहीच दिसत नाही. नखशिखांत भिजाल, फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तेव्हा हेलिकॉप्टरची पंधरा मिनिटांची फेरी पैसे वसूल करते.

चोबेला जाऊन यावं का?

एक दिवस हाताशी असेल तर जरूर. चोबेच्या वेशीवरचं कसाने गाव धबधब्यापासून साधारण ८० किलोमीटरवर आहे. नदीतल्या बोटीतून हत्तींचे कळप पाण्यात उतरताना दिसतात, गाडीतून हे दृश्य मिळत नाही. सीमेवर लाळ्या-खुरकूत रोगाच्या बंदोबस्तासाठी बूट औषधाच्या पाण्यात बुडवून जावं लागतं.

सामान काय न्यावं?

चाकं आणि कडक चौकट नसलेली मऊ बॅग. छोट्या विमानाच्या पोटात सामान हाताने कोंबतात, कडक सूटकेस जात नाही आणि मग ती जोहान्सबर्गला ठेवून यावी लागते.

कपडे खाकी, मातकट, शेवाळी रंगाचे. लष्करी छापाचे कपडे अजिबात नकोत, झिम्बाब्वेत सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे. सर्वांत मोठी चूक थंडीबाबत होते. 'आफ्रिका म्हणजे उकाडा' असं धरून लोक टी-शर्ट नेतात. जून-जुलैत क्रुगरची पहाट पाच-सात अंशांची असते आणि उघड्या गाडीत वारा थेट अंगावर येतो. कानटोपी, हातमोजे, जाड जॅकेट लागतं. दुपारी तोच पारा २५ वर जातो, म्हणून एकावर एक काढता येतील असे कपडे घ्या.

दक्षिण आफ्रिकेतला मोठा सॉकेट म्हणजे आपल्या घरी एसी-गीझरला लागणारा जाड तीन पिनांचाच. म्हणजे घरातून १६ अँपिअरचा प्लग असलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड नेला की सगळ्या गटाचे फोन आणि कॅमेरे त्यावर चार्ज होतात. झिम्बाब्वेत चौकोनी पिनांचा, इंग्लंडसारखा सॉकेट बऱ्याच ठिकाणी असतो, त्यासाठी वेगळा अॅडॉप्टर घ्या.

दुर्बीण प्रत्येकी एक, ८x४२ ची. जोडप्यात एक दुर्बीण पुरत नाही, बिबट्या उठून जातो तोवर ती दुसऱ्याच्या हातात असते. ड्रोन घरीच ठेवा, राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे.

वाइन टेस्टिंगचा दिवस कसा आखावा? एका दिवसात किती ठिकाणं?

तीन. चौथं ठिकाण कार्यक्रमात असेल तर ते काढायला सांगा.

हिशेब असा. एका ठिकाणी पाच वाइन, प्रत्येकी २५ ते ३० मिलिलिटर. म्हणजे सव्वाशे-दीडशे मिलिलिटर. तीन ठिकाणी मिळून अर्ध्या बाटलीच्या वर गेलात, आणि ही वाइन साडेतेरा-चौदा टक्क्यांची. त्यात दुपारच्या जेवणासोबतचा ग्लास वेगळा. चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत जीभ बधिर होते, सगळ्या रेड एकसारख्या लागतात. टेबलावर ठेवलेलं भांडं थुंकण्यासाठीच असतं. चाखून थुंकणं तिथे असभ्य नाही, जाणकार तेच करतात.

सकाळी साडेदहाला सुरुवात, पोटभर नाश्ता करून. क्रम फसफसत्या वाइनपासून व्हाइट, हलकी रेड, भारी रेड आणि शेवटी गोड. मधून पाणी आणि साधा पाव. आपल्या लोकांना एक खास सूचना: बडीशेप, मुखवास, पुदिन्याच्या गोळ्या टेस्टिंगआधी खाऊ नका आणि भडक अत्तर लावू नका. तोंडात बडीशेप असली की पुढचा अर्धा तास प्रत्येक वाइनला बडीशेपेचाच वास येतो. बरीच ठिकाणं पाचला बंद होतात आणि रविवारी काही उघडतच नाहीत, म्हणून वाइनचे दिवस आठवड्याच्या मध्यावर टाका.

फ्रान्सहूकला वाइन ट्राम आहे. ठरलेल्या मार्गावर ट्राम आणि बस फिरतात, हव्या त्या मळ्यावर उतरायचं, पुढची आली की चढायचं. गटातल्या चौघांना एक मळा आवडला आणि चौघांना दुसरा, तर ही सोय बरी. गर्दीच्या काळात आधी नोंदणी लागते.

नेमकं काय चाखावं?

चेनिन ब्लाँ. दक्षिण आफ्रिकेत सर्वाधिक लागवड हिचीच आहे आणि नाशिकच्या वाइनमुळे हे नाव आपल्या ओळखीचं आहे. पण केपमधल्या जुन्या, बिनपाण्याच्या वेलींची चेनिन चाखली की नाशिकच्या ताज्या, हलक्या चेनिनपेक्षा ती किती वेगळी होऊ शकते ते कळतं. गंमत म्हणजे दोन्हीकडची काढणी जवळपास एकाच महिन्यांत येते, तिथे उन्हाळ्याच्या शेवटी आणि आपल्याकडे हिवाळ्यात, कारण नाशिकला छाटणीचं वेळापत्रकच तसं बसवलेलं आहे.

पिनोटाज इथलीच जात. १९२५ साली स्टेलनबॉशला अब्राहम पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सिंसो यांच्या संकरातून ती तयार केली. वाईट बनवलेली पिनोटाज जळक्या रबरासारखी लागते, चांगली असेल तर आलुबुखारासारखी. म्हणून ती स्टेलनबॉशजवळ सायमन्सबर्गच्या उतारावरच्या चांगल्या मळ्यात चाखा, हॉटेलात ग्लासने मागवू नका. कॅप क्लासिक म्हणजे शॅम्पेनच्या पद्धतीने बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली फसफसती वाइन, किमतीच्या मानाने फार चांगली. आणि केप टाउनच्या कॉन्स्टँशिया भागातली मस्कत द्राक्षांची गोड वाइन: अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपच्या दरबारांत तिला मागणी होती, सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या नेपोलियनलाही ती पाठवली जाई. मध्यंतरी बंद पडली होती, क्लाइन कॉन्स्टँशियाने १९८६ च्या हंगामापासून ती पुन्हा सुरू केली.

वाइन पीत नाही. या तीन दिवसांत करू काय?

कंटाळा यायचा नाही. बाबिलॉन्सटोरेनची फळाभाज्यांची बाग दोन तास सहज घेते. वर्खेनूखला बदकांची फौज मळ्यातल्या गोगलगायी खायला रोज कवायतीसारखी निघते, मुलांना हे फार आवडतं. बऱ्याच ठिकाणी ऑलिव्ह तेल, चॉकलेट, द्राक्षरस यांचं टेस्टिंग वेगळं मिळतं. स्टेलनबॉश गाव १६७९ साली वसलेलं, पांढऱ्या भिंती आणि ओक झाडांच्या रस्त्यांनी पायी फिरण्यासारखं.

एक थांबा पिणाऱ्या-न पिणाऱ्या सगळ्यांनीच घ्यावा. फ्रान्सहूक आणि पार्लच्या मधे, पूर्वी व्हिक्टर फर्स्टर म्हटला जाणारा तुरुंग आहे. ११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला इथून बाहेर पडले. फाटकासमोर मूठ उंचावलेला त्यांचा पुतळा आहे. द्राक्षमळ्यांच्या त्या देखण्या रस्त्यावरच हे येतं. हे मळे गुलामांच्या श्रमांवर उभे राहिले, आणि त्यात बंगाल, मलबारसारख्या भागांतून नेलेली भारतीय माणसंही होती. मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देण्याची रीत पुढेही फार काळ चालली आणि तिने मजुरांच्या वस्त्यांत दारूचं व्यसन रुजवलं. गाइड यावर आपणहून बोलत नसेल तर विचारा.

शाकाहारी, जैन जेवणाची सोय होते का?

होते, पण फक्त आधी कळवलं तर. जंगलातल्या लॉजला किराणा आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतो, ऐनवेळी कांद्याशिवायची भाजी उभी राहत नाही. महिनाभर आधी लेखी यादी पाठवा, आणि 'व्हेज' एवढंच लिहू नका. मासे नको, अंडं नको, मांसाचा स्टॉक नको, जिलेटिन नको, असं एकेक लिहा. मासे खाणारेही स्वतःला शाकाहारी म्हणवतात तिथे हा खुलासा लागतोच. लॉजमध्ये मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे पॅप, आणि सोबत चकलाका, म्हणजे टोमॅटो, गाजर, घेवडा यांचं झणझणीत कालवण, बहुधा मिळतं. भाकरी-उसळीवर वाढलेल्या माणसाला ते चालून जातं.

कट्टर शाकाहारींसाठी आणखी दोन गोष्टी. वाइन नितळ करायला काही जण अंड्याचा पांढरा बलक किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात, तेव्हा 'व्हीगन आहे का' असं विचारा. आणि टेस्टिंगसोबत येणाऱ्या चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट, म्हणजे दूध फाडायचं द्रव्य, असू शकतं.

बाटल्या भारतात किती आणता येतात?

माणशी दोन लिटर शुल्काशिवाय. नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे दोन बाटल्या निर्धास्त. तिसरी घेतली की पाव लिटर जास्त होते आणि त्यावर भरमसाट शुल्क लागू शकतं. ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली मिळाली तर दोन पूर्ण आणि एक अर्धी असं बरोबर बसतं. गोड वाइन अनेकदा अर्ध्या बाटलीत मिळते.

बाटल्या चेक-इन बॅगेतच. एकेक बाटली मोज्यात घालून, मग जॅकेटात गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेवा, चारी बाजूंनी कपडे. मळ्यांवर फुगवता येणाऱ्या बाटलीच्या पिशव्या मिळतात, त्या अधिक खात्रीच्या.

मूल्यवर्धित कर १५ टक्के आहे आणि एकूण खरेदी २५० रँडच्या वर गेली तर परदेशी पाहुण्यांना तो परत मिळतो. अट अशी की पक्कं बिल हवं आणि माल अधिकाऱ्याला दाखवता आला पाहिजे. म्हणजे बॅग काउंटरवर देण्याच्या आधी विमानतळावरच्या कर परताव्याच्या खिडकीवर जायचं. बॅग सोडून मग गेलात तर नुसतं बिल दाखवून काही मिळत नाही. ही रांग लांब असते, विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.

टिप किती द्यायची? आणि सहलीच्या किमतीत काय धरलेलं नसतं?

रेंजरला माणशी दिवसाला साधारण १५० ते २०० रँड, ट्रॅकरला १००, लॉजच्या बाकी लोकांसाठी सामाईक पेटीत १००. हे मुक्कामाच्या शेवटी एकदम, रेंजर आणि ट्रॅकरला वेगवेगळ्या पाकिटांत द्यायचं. एकाच्या हातात देऊन 'दोघं वाटून घ्या' म्हणू नका. हॉटेलात १० ते १५ टक्के. पूर्ण गटाची टिप एकाने गोळा करावी, नाहीतर काही जण दोनदा देतात आणि काही देतच नाहीत. झिम्बाब्वेत डॉलर चालतात, एक आणि पाचच्या स्वच्छ, न फाटलेल्या नोटा न्या, सुटे परत मिळत नाहीत.

किमतीत सहसा नसतं ते असं: अभयारण्याचं प्रवेश आणि संवर्धन शुल्क, टेस्टिंगचे पैसे, व्हिसा, विमा, हेलिकॉप्टर. भारतातून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ कापायचा कर, वसूल होतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण निघताना खिशातून जातोच. एकट्याने जाणाऱ्यांना खोलीचा जादा आकार पडतो, काही लॉज कमी गर्दीच्या महिन्यांत तो माफ करतात. विम्यात जंगलातून विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे कलम शोधून वाचा.

केप टाउनच्या टेबल माउंटन डोंगरावर जाणाऱ्या केबल कारचं तिकीट आधीच काढावं का?

एका ठरावीक तारखेला बांधून घेऊ नका. केप टाउनला पोचल्यावर पहिली वाऱ्याविना सकाळ मिळेल तेव्हाच जा. तिथल्या उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटला की केबल कार बंद होते, कधी सलग दोन दिवस. पहिल्या दिवशी डोंगर मोकळा दिसला तर बाकी कार्यक्रम पुढे ढकला. हिवाळ्यात वार्षिक देखभालीसाठीही केबल कार काही दिवस बंद असते, तारखा पाहूनच आखणी करा.

सुरक्षिततेबद्दल बरंच ऐकतो. कितपत खरं?

लॉज आणि वाइनच्या मुलखात काळजीचं कारण कमी. जोहान्सबर्ग आणि केप टाउनमध्ये अंधार पडल्यावर पायी फिरू नका, अगदी दोन चौक लांबचं हॉटेल असलं तरी टॅक्सी करा. फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभं राहू नका. गाडीत सीटवर बॅग ठेवून उतरू नका. दागिने, कॅमेरा, औषधं चेक-इन बॅगेत टाकू नका, आणि त्या बॅगेला कुलूप लावा किंवा विमानतळावर प्लास्टिक गुंडाळून घ्या. विमानतळावर कुणी 'मदत' करायला पुढे आला आणि बॅगेला हात घातला तर नको म्हणा. तुमच्या गाडीवाल्याचं नाव आणि नंबर आधीच फोनमध्ये असू द्या.